पोत्यावरचे नाव कोणाच्या मालकीचे?

लातूरच्या आडत बाजारातून किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यातून निघालेले तूरडाळीचे पोते परगावच्या किराणा दुकानात उतरते, तेव्हा ते कोणत्या पेढीने भरले हे तेथील दुकानदाराला बहुधा ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो पोत्यावरचा मार्का. मोर छाप, कलश छाप, घोडा छाप, अशाच शब्दांत तो मागणी नोंदवतो. पेढीतील कर्ते बदलतात, मिल जुन्या वस्तीतून औद्योगिक वसाहतीत जाते, मुनीमजी निवृत्त होतात. मार्का मात्र तोच राहतो आणि त्याच्या भरवशावर परगावचा व्यापारी माल न पाहता पैसे पाठवतो.

मराठवाड्यातील जैन व्यापारी कुटुंबांत घर, शेत, दुकान, गोदाम आणि मिल कोणाच्या नावे आहे हे घरातील प्रत्येक कर्त्या माणसाला तोंडपाठ असते. मार्का कोणाच्या नावे आहे, असे विचारले की क्षणभर शांतता पसरते. ‘आपलाच आहे’ असे उत्तर येते. पण ‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा? आजोबांच्या एकल मालकीच्या पेढीचा, वडील व काका यांच्या भागीदारीचा, अविभक्त कुटुंबाचा, की अलीकडे सनदी लेखापालांच्या सल्ल्याने स्थापन केलेल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा? घराच्या दृष्टीने हे चारही एकच असतील. कायद्याच्या दृष्टीने ते चार निरनिराळे मालक आहेत. आणि ज्या दिवशी हा प्रश्न खरोखर उभा राहतो, तो दिवस सहसा वाटणीचा, मृत्यूचा किंवा कोर्टाच्या नोटिशीचा असतो.

पाच टक्क्यांसाठी सोडलेली नावे

मार्क्याची किंमत व्यापाऱ्याने स्वतःच किती कमी लेखली, याचा दाखला फार मागे जाऊन शोधावा लागत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. धान्य, डाळी व पीठ यांना करातून सूट होती. मात्र भरलेल्या पिशवीवर नोंदणीकृत ब्रँडचे नाव असेल, तर त्याच डाळीवर पाच टक्के कर बसत असे. डाळीच्या धंद्यात नफा किती बारीक असतो हे लातूरच्या मिलवाल्याला सांगावे लागत नाही. भावात पाच टक्क्यांचा फरक म्हणजे आपले गिऱ्हाईक आपणहून शेजाऱ्याच्या दारी पाठवणे. देशभरातील अनेक व्यापाऱ्यांनी सरळ हिशेब केला आणि ट्रेडमार्कची नोंदणीच रद्द करून घेण्याचा मार्ग धरला.

सरकारच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. ९ सप्टेंबर २०१७ रोजी हैदराबाद येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या एकविसाव्या बैठकीत ठरले की, १५ मे २०१७ रोजी जो ब्रँड नोंदलेला होता तो नंतर रद्द केला असला तरी करासाठी नोंदलेलाच धरला जाईल. एवढ्यावर न थांबता, ज्या बिननोंदणीच्या नावासंबंधी न्यायालयात हक्क सांगता येतो, त्यालाही करपात्र ठरवण्यात आले. ज्याला सूट हवी असेल त्याने आपण हा हक्क स्वेच्छेने सोडत आहोत असे प्रतिज्ञापत्र आयुक्तांकडे द्यायचे, आणि तोच मजकूर प्रत्येक पिशवीवर न पुसणाऱ्या शाईने इंग्रजीत व स्थानिक भाषेत छापायचा. वर आजोबांनी निवडलेले चित्र आणि खाली बारीक अक्षरांत ‘या नावावरील हक्क आम्ही सोडला आहे’ अशी कबुली! भारतीय व्यापाराच्या इतिहासात इतका विलक्षण मजकूर पिशवीवर क्वचितच छापला गेला असेल.

पुढे १८ जुलै २०२२ पासून ही कसोटीच गेली. आता प्रश्न ब्रँडचा राहिलेला नाही. आधी भरून लेबल लावलेली डाळीची पिशवी २५ किलोपर्यंतची असेल तर तिच्यावर पाच टक्के कर, मग नाव नोंदलेले असो वा नसो. म्हणजे ज्या कारणासाठी नावावर पाणी सोडले, ते कारण पाच वर्षांत नाहीसे झाले. पाणी सोडल्याचा कागद मात्र सरकारी फाइलीत राहिला. उद्या आपल्या मार्क्याची नक्कल करणाऱ्यावर दावा लावायचा झाल्यास प्रतिपक्षाचा वकील हेच प्रतिज्ञापत्र न्यायाधीशांपुढे ठेवील, हे गृहीत धरलेले बरे. ज्यांनी नोंदणी रद्द करून घेतली त्यांना नव्याने अर्ज करावा लागतो आणि नोंदणीची तारीखही नव्या अर्जाचीच मिळते.

त्या वेळचा हिशेब आकड्यांनी बरोबर होता. त्यात मार्क्याची किंमत धरलेली नव्हती, इतकेच. आणि ती धरली गेली नाही याचे एक कारण लेखाशास्त्रातच आहे. स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवू नये, असे लेखा मानक २६ सांगते. विकत घेतलेला मार्का ताळेबंदात दिसतो, साठ वर्षे सांभाळलेला दिसत नाही. जे ताळेबंदात नाही ते वाटणीपत्रातही येत नाही, मृत्युपत्रातही येत नाही आणि संचालक मंडळाच्या इतिवृत्तातही येत नाही.

नोंदणी कशाची आणि कशाची नाही

कंपनी स्थापन करताना कंपनी निबंधकांकडून नाव मंजूर झाले की नावाचे काम झाले, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. निबंधकांची मंजुरी म्हणजे त्या नावाने कंपनी अस्तित्वात येण्याची परवानगी. त्या नावाने माल विकण्याचा अनन्य हक्क त्यातून मिळत नाही. उलट कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६ प्रमाणे, एखाद्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाच्या मालकाने कंपनीच्या स्थापनेपासून तीन वर्षांच्या आत अर्ज केला आणि साम्य सिद्ध झाले, तर कंपनीला नाव बदलण्याचा आदेश होऊ शकतो. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यात नाव बदलले नाही तर सरकारच नवे नाव देते. लेटरहेड, पिशव्या, बँकेचे खाते आणि जीएसटीची नोंद या सर्वांसकट हा बदल किती महाग पडतो याची कल्पना व्यापारी वाचकाला सहज येईल.

व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ हा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. अर्ज ऑनलाइन होतो. व्यक्ती, नवउद्यम किंवा लघुउद्योग असेल तर प्रत्येक वर्गामागे शुल्क ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. वर्ग नीट निवडावा लागतो. खाद्यतेल २९ मध्ये, पीठ व मसाले ३० मध्ये, बियाणे व प्रक्रिया न केलेले धान्य ३१ मध्ये, तयार कपडे २५ मध्ये मोडतात. डाळवाले अनेकदा एकाच वर्गात अर्ज करून निश्चिंत होतात आणि पुढे मुलाने तेलाचा धंदा सुरू केला की तेच नाव २९ मध्ये दुसऱ्याने घेतलेले आढळते. नियतकालिकात जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. अर्ज केला म्हणून लगेच वर्तुळातील ‘आर’ छापू नये. नोंदणी नसताना ती आहे असे भासवणे दंडनीय आहे. अर्ज प्रलंबित असताना ‘टीएम’ ही अक्षरे पुरेशी असतात.

येथे आपल्या समाजाच्या एका लाडक्या सवयीचा उल्लेख टाळता येत नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही मोंढ्यात उभे राहून ‘अरिहंत ट्रेडर्स’ अशी हाक मारली, तर तीन दुकानांतून ओ येईल. महावीर, पार्श्वनाथ, जिनेंद्र, वर्धमान ही नावे श्रद्धेने ठेवली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु श्रद्धेचे नाव एकट्याच्या मालकीचे होणे अवघड. उदबत्तीसाठी घेतलेल्या ‘रामायण’ या नावाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्णय दिला की धर्मग्रंथाच्या नावावर कोणालाही अनन्य हक्क सांगता येणार नाही. तीर्थंकरांचे नाव पेढीला जरूर असावे; मालाला मात्र असे नाव द्यावे की जे आपल्यापाशीच ओळखले जाईल.

लेबलच्या चित्राबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ज्या चित्रकाराने किंवा छापखान्यातील डिझायनरने ते चित्र काढले, त्याला मोबदला दिला म्हणजे चित्राचा कॉपीराइटही आपोआप आपल्याकडे आला असे समजू नये. तो आपल्या नावे लेखी करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो; प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दोन ओळी लिहून घेण्याचा हा विषय आहे.

संचालकाच्या खुर्चीतून

एकल मालकीची पेढी कंपनीत रूपांतरित होते, तेव्हा यंत्रे, साठा, येणी-देणी यांची यादी होते. मार्का बहुधा वडिलांच्या नावेच राहतो. कंपनी तो वापरते, त्यावर जाहिरातीचा खर्च करते, त्याचे नाव मोठे करते. मालक मात्र वडीलच. वडील हयात आहेत तोवर कोणाला काही वाटत नाही. त्यांच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर तो मार्का सर्व वारसांचा होतो, आणि कंपनीत नसलेला वारसही त्यात हिस्सेदार असतो. ज्या कंपनीची सारी विक्री त्या नावावर चालते, तिच्या पायाखालची जमीन मग दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते.

हे टाळण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, मार्का लेखी हस्तांतरण करून कंपनीच्या नावे करणे आणि व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत तशी नोंद करून घेणे. दुसरा, मार्का वडिलांकडेच ठेवून कंपनीला लेखी परवाना देणे. दुसऱ्या मार्गात कंपनी रॉयल्टी देणार असेल, तर संचालकाने आपला हितसंबंध मंडळापुढे उघड करावा लागतो आणि संबंधित व्यक्तींमधील व्यवहारांचे नियमही पाळावे लागतात. पहिल्या मार्गात मोबदला घेतला, तर करकायदा स्वतः घडवलेल्या मार्क्याची मूळ किंमत शून्य धरतो, म्हणजे मिळालेली जवळजवळ सारी रक्कम भांडवली नफा ठरते. म्हणून कागद करण्यापूर्वी सल्ला घ्यावा. कोणताही मार्ग धरला तरी संचालक मंडळाचा ठराव हवा.

अविभक्त कुटुंबाची पेढी असेल तर आणखी एक मुद्दा येतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा हा हक्क दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्यावर अवलंबून नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा मार्का अविभक्त कुटुंबाचा असेल, तर लातूरची जी मुलगी नांदेडला दिली तिचाही त्यात भावांइतकाच वाटा आहे. उद्या तिने सासरी डाळ भरण्याचे छोटे केंद्र काढून माहेरचाच मार्का लावला, तर भावाने चिडण्याआधी आपल्याकडील कागद पाहावेत. प्रेमाने ‘वापर’ म्हटले असेल तर तेही लेखी करावे. मालाच्या दर्जावर मालकाची देखरेख राहील असे त्या लेखात असावे, कारण देखरेखीविना वाटलेला मार्का पुढे आपली ओळख गमावतो.

बँका या मालमत्तेकडे कशा पाहतात? कायद्याने अडचण नाही. कर्जवसुलीच्या २००२ च्या कायद्यात मालमत्तेच्या व्याख्येत व्यापारचिन्हही येते, आणि कंपनीने अमूर्त मालमत्तेवर दिलेला प्रभारही तीस दिवसांत निबंधकांकडे नोंदवावा लागतो. परंतु किंगफिशर एअरलाइन्सचा अनुभव बँकांच्या लक्षात आहे. तारण घेताना त्या ब्रँडचे मूल्यांकन हजारो कोटींत झाले होते; एप्रिल २०१६ मध्ये तो ३६६ कोटी ७० लाख रुपयांच्या राखीव किमतीने लिलावात काढला गेला आणि एकही बोली आली नाही. चालत्या धंद्यासह मार्का सोन्यासारखा. धंदा बंद पडला की त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून कर्जाच्या कागदावर सही करताना संचालकाने एवढे जरूर वाचावे की तारणात मार्काही गेला आहे काय, आणि तो मुळात कंपनीचा आहे काय.

दुसऱ्याच्या मार्क्याबाबतची जबाबदारी याहून कडक आहे. परराज्यातील व्यापारी छापील रिकाम्या पिशव्या पाठवतो आणि ‘यात माल भरून द्या’ म्हणतो, हा मिलवाल्यांना नवा प्रकार नाही. तो मार्का त्याचा नसेल आणि माल खोट्या नावाने बाजारात गेला, तर व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम १०३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कलम ११४ ही जबाबदारी कंपनीपुरती ठेवत नाही. कारभार पाहणारी व्यक्ती आणि ज्याची संमती किंवा डोळेझाक होती तो संचालकही त्यात येतो. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे त्याने सिद्ध करावे लागते. पिशव्या स्वीकारण्यापूर्वी नोंदणीपत्राची प्रत व मालकाचे अधिकारपत्र मागून फाइलीला लावणे, ही ती दक्षता. जैन श्रावकाला हा विचार परका नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे: अस्सलसारखा दिसणारा नकली माल खपवणे. व्यापारचिन्हांचा आपला पहिला कायदा १९४० मधला. त्याच्या कितीतरी शतके आधी हा दोष चोरीच्या सदरात मांडला गेला होता.

लातूर थोरल्याला, नांदेड धाकट्याला

आता सर्वांत नाजूक प्रसंग, वाटणीचा. समजा, एका कुटुंबाच्या दोन मिल आहेत. थोरला भाऊ लातूरची पाहतो, धाकटा नांदेडची. वडीलधाऱ्यांच्या साक्षीने समजुतीने वाटणी होते: लातूरची मिल व तिकडचा व्यापार थोरल्याचा, नांदेडचा धाकट्याचा. मार्क्याविषयी कोणीतरी सुज्ञपणे म्हणतो, ‘दोघांनीही आपापल्या भागात तोच वापरावा.’ सर्वांना ते पटते. वाटणीपत्रावर सह्या होतात, पेढे वाटले जातात.

कायद्याला मात्र हे सहजी मान्य नाही. अधिनियमाच्या कलम ४१ नुसार एकाच मालासाठी एकच किंवा सारखाच मार्का भारताच्या एका भागात एकाच्या व दुसऱ्या भागात दुसऱ्याच्या अनन्य मालकीचा होईल, असे हस्तांतरण करता येत नाही. अपवाद आहे, पण त्यासाठी निबंधकांपुढे जाऊन ते सार्वजनिक हिताविरुद्ध नाही अशी खात्री पटवावी लागते. कलम ४० प्रदेश सोडून इतर प्रकारे एकाच मालावर दोन अनन्य मालक निर्माण करण्यास असाच अटकाव करते. यामागचा विचार ग्राहकाच्या बाजूचा आहे. उदगीरच्या दुकानात आलेली मोर छाप डाळ लातूरची की नांदेडची, हे घेणाऱ्याला कळायला हवे.

मग संयुक्त नावावर नोंदणी करावी काय? कलम २४ तशी सोय देते, पण तीही अशा भावांसाठी नव्हे. संयुक्त मालकांपैकी कोणीही तो मार्का स्वतंत्रपणे स्वतःपुरता वापरू शकत नाही. सर्वांच्या वतीने किंवा सर्वांचा संबंध असलेल्या मालावरच तो लागतो. ज्यांच्या चुली आणि मिल दोन्ही वेगळ्या झाल्या, त्यांना हे जमणारे नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक जुने उत्तर किर्लोस्कर कुटुंबाने काढले. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीत कारखाना उभारला. पुढे कंपन्या वाढल्या आणि नावाची मालकी किर्लोस्कर प्रोप्रायटरी लिमिटेड या वेगळ्या कंपनीकडे ठेवून इतरांनी तिच्याकडून वापराचा परवाना घ्यावा अशी घडी बसवली गेली. ‘किर्लोस्कर डिझेल रीकॉन’ या कंपनीने ते नाव घेतले तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा माणसाला असते, कंपनीला नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. माणसाचे आडनाव जन्माने येते, कंपनीचे नाव निवडलेले असते. हा निकाल १९९६ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापला गेला आणि आडनावावर कंपनी काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. मध्यवर्ती कंपनीची घडी बसली म्हणून भांडणे संपतातच असे नाही. पुढे त्याही कुटुंबात नावावरून वाद न्यायालयापर्यंत गेले. पण वाद कोणत्या कागदावरून सोडवायचा हे तरी अशा घडीत ठरलेले असते.

व्यक्तीच्या बाबतीत कायदा अधिक मोकळा आहे. दिल्लीच्या राक्यान कुटुंबातील दागिन्यांच्या दुकानांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, स्वतःच्या नाव-आडनावाने प्रामाणिकपणे व्यवसाय करणाऱ्याविरुद्धचा मनाई हुकूम उठवला. आधार होता कलम ३५. तेव्हा शहा, दोशी, गांधी, कासलीवाल अशी आडनावे पाटीवर लावू नका असे कोणी म्हणू शकत नाही. पण त्याच आडनावाची कंपनी काढून नातलगाच्या प्रसिद्ध मार्क्याशेजारी उभी केली की ही मुभा संपते.

अगदी अलीकडचे उदाहरण जैन समाजाला जवळचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये अभिषेक लोढा यांच्या मॅक्रोटेक डेव्हलपर्सने धाकटे बंधू अभिनंदन लोढा यांच्या ‘हाउस ऑफ अभिनंदन लोढा’विरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. वाद होता ‘लोढा’ या दोन अक्षरांवरून, आणि भरपाईची मागणी ५,००० कोटी रुपयांची. कुटुंबात विभागणीचे करार आधी झालेले होते. तरीही नाव कोणी कसे वापरायचे याचे दोघांचे अर्थ वेगळे निघाले. न्यायालयाने मध्यस्थी सुचवली, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन मध्यस्थ झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये तडजोड जाहीर झाली. ‘लोढा’ आणि ‘लोढा ग्रुप’ ही नावे मॅक्रोटेकची, ‘हाउस ऑफ अभिनंदन लोढा’ हे पूर्ण नाव धाकट्या बंधूंचे, आणि दोन्ही व्यवसायांचा परस्परांशी संबंध नाही हे दोघांनी लोकांना स्पष्ट सांगायचे. तीन-चार महिन्यांत मिटले हे चांगलेच झाले. परंतु ज्या दोन वाक्यांत ते मिटले, ती पहिल्याच करारात निःसंदिग्धपणे लिहिता आली असती असे कोणालाही वाटेल.

लातूर-नांदेडच्या त्या काल्पनिक भावांनाही हेच तीन पर्याय आहेत. एकाने मार्का घ्यावा आणि दुसऱ्याला त्याची किंमत द्यावी; किंवा दोघांची एक छोटी कंपनी काढून मार्का तिच्याकडे ठेवावा व दोन्ही मिलनी लेखी परवान्यावर तो वापरावा; किंवा धाकट्याने सहज वेगळे ओळखू येईल असे नवे नाव व नवे चित्र घ्यावे आणि जुने वापरणे थांबवण्याची तारीख वाटणीपत्रातच नमूद करावी. पहिला पर्याय स्वच्छ, दुसरा खर्चिक, तिसरा धाकट्याच्या मनाला लागणारा. भावकीत तिसऱ्याचीच शक्यता अधिक असते, म्हणून त्याची भरपाई रोखीत धरावी.

चोपडे जपावेत

नोंदणी नसलेला मार्का अगदीच निराधार असतो असे नाही. तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावावरील वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदणी करणाऱ्याच्या हक्कापेक्षा वरचढ ठरतो. कलम ३४ हेच सांगते. पण ‘आधीपासून’ हे सिद्ध करायला कागद लागतो. येथे आपल्या पूर्वजांची शिस्त उपयोगी पडते. दिवाळीत पूजा केलेले चोपडे, रोजमेळ, आडतीच्या पट्ट्या, बारदान छापणाऱ्याची बिले, रेल्वेच्या बिल्ट्या, जुन्या स्मरणिकांतील जाहिराती, या सर्वांत मार्क्याचा उल्लेख असेल तर तो पुरावा आहे. संगणक आल्यापासून अनेक घरांतून हे चोपडे रद्दीत गेले. निदान ज्या पानांवर मार्का दिसतो ती पाने बाजूला काढून ठेवावीत. आणि नोंदणी करून मार्का कपाटात ठेवणेही उपयोगाचे नाही. पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेली नोंद दुसरा कोणी रद्द करून घेऊ शकतो.

दाव्यासाठी मुंबईला धावावे लागते हाही एक गैरसमज. नोंदणीकृत मार्क्याचा मालक जेथे व्यवसाय करतो, तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. नक्कल सोलापुरात झाली तरी लातूरचा व्यापारी लातुरात दावा लावू शकतो. तीन लाख रुपये व त्यावरील मूल्याचे असे वाद वाणिज्य न्यायालयांपुढे जातात आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे.

एका नावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास पानचिंचोलीची चिंच व कास्तीची कोथिंबीरही त्या यादीत गेली. ‘बोरसुरी’ हे नाव आता कोणत्याही एका पेढीचा मार्का होऊ शकत नाही. ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, वाटणीतही येत नाही. दुसरीकडची डाळ त्या नावाने विकणे हा गुन्हा आहे. मात्र मिलवाल्याला दार बंद नाही. भौगोलिक मानांकनाच्या कायद्यात ‘उत्पादक’ या शब्दात पिकवणाऱ्याबरोबर शेतमालावर प्रक्रिया करणारा, तो पिशवीत भरणारा आणि त्याचा व्यापार करणाराही धरला आहे. बोरसुरीची खरी डाळ घेऊन ती त्या नावाने विकू इच्छिणाऱ्या मिलने चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज करायचा असतो. शुल्क नाममात्र आहे. नोंद दहा वर्षांची, किंवा मूळ मानांकनाची मुदत आधी संपत असेल तर तोवरची.